१.० ची घाई करू नकोस

सांगली,
रविवार

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार.

तुझी मेल आणि मराठी मजकुरात एकच शब्द दोन तऱ्हांनी टंकलेला शोधणाऱ्या तुझ्या टूलची झिप मिळाली. विचारलंस, "टाकू का हे सगळ्यांसाठी? आणि आवृत्ती १.० लिहिली तर बरं दिसेल ना?" टाक, बिनधास्त टाक. १.० मात्र एवढ्यात लिहू नकोस. का ते सांगतो. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बस.

आधी टूलबद्दल. आमच्या भाषांतराच्या फायलींवर चालवून पाहिलं आणि थक्क झालो. 'ॲप' हा एकच शब्द आमच्याकडे दोन तऱ्हांनी नांदतोय, हे इतके दिवस कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. 'ॲ' हे अख्खं अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, आलं २००८ साली, ५.१ आवृत्तीत. त्याआधी लोक 'अ'वर चंद्र ठेवून वेळ मारून नेत, आणि काही जण अजून तसंच टंकतात. डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं, पण संगणकाच्या लेखी ते दोन निराळे शब्द. युनिकोडचं नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची निराळी रूपं एकसारखी करायची रीत, तीही त्यांना एक करत नाही, म्हणून ग्रेपने शब्द शोधला की अर्धेच हाती लागतात. 'दऱ्या'मधल्या आडव्या 'र'चीही तीच गत: कुणी नुक्त्याचा 'ऱ' घेतो, कुणी साध्या 'र'ला हलन्त देऊन पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह घालतो. तुझं टूल दोन्ही पकडतं आणि ओळ क्रमांकासकट दाखवतं. मराठी मजकूर हाताळणाऱ्या कुठल्याही प्रोग्रामरला ते हवं असणार. त्यामुळे "कोण वापरणार?" हा तुझा प्रश्न मी निकालात काढतो.

आता १.० चं. सिमँटिक व्हर्जनिंगचा, म्हणजे आवृत्तीला आकडे द्यायच्या पद्धतीचा, नियम तुला ठाऊक आहे. पहिला आकडा शून्य असेपर्यंत काहीही बदलायची मुभा. १.० म्हटलंस की तुझ्या टूलचा बाहेरून दिसणारा चेहरा ठरला, आणि पुढे तो मोडायचा तर २.० म्हणावं लागणार. आपल्याकडे १.० म्हणजे 'काम पूर्ण झालं' असा समज आहे. माझ्या मते कोड कितीही कच्चा असला तरी चालतो, तो कधीही नव्याने लिहिता येतो. कमांडचं नाव, ऑप्शनची नावं, आउटपुटची ओळ कशी छापली जाते, एक्झिट कोड (संपताना टूल परत देतं तो आकडा) काय येतो, या चार वरवरच्या दिसणाऱ्या गोष्टीच पुढे हलवता येत नाहीत, कारण लोक त्यांच्यावर आपल्या स्क्रिप्ट बांधून बसतात.

मेकफाइलमधला, म्हणजे प्रोग्राम बांधणाऱ्या 'मेक' या टूलच्या सूचनांच्या फायलीतला, टॅब आठवतो? कॉलेजच्या लॅबमध्ये स्पेस दिली म्हणून आपण किती डोकं आपटलं होतं! त्याची गोष्ट अशी. स्टुअर्ट फेल्डमनने १९७६ साली बेल लॅब्जमध्ये मेक लिहिलं. लेक्स हे मजकुराचे तुकडे पाडणारं टूल तेव्हा नवं होतं, ते वापरून बघताना ओळीच्या सुरुवातीला टॅब हा सोपा मार्ग सापडला म्हणून घेतला. काही आठवड्यांत टूल वापरणारे डझनभर लोक झाले, बहुतेक मित्रच. त्यांचं बसलेलं काम मोडायला नको म्हणून टॅब तसाच राहिला. पुढे २००३ साली मेकला एसीएम या संगणकशास्त्राच्या संस्थेचा पुरस्कार मिळाला, जगभर ते पसरलं, आणि तेव्हाच्या डझनभर मित्रांची भीड आजही आपण सगळे फेडतोय. मला यात फेल्डमनचा दोष दिसत नाही. मी त्याच्या जागी असतो तर मीही मित्रांना दुखावलं नसतं. मला यातून दिसतं ते एवढंच, की बदलायचा काळ फार थोडा असतो आणि तो पहिल्या वापरकर्त्यांआधी असतो, लाखांआधी नव्हे.

तुझ्या टूलमध्ये मला असा एक टॅब आत्ताच दिसतोय. घोटाळा सापडला तरी ते शून्यच परत देतं. उद्या कुणी ते कमिटच्या (कोडमधला बदल नोंदवायच्या) आधी आपोआप चालणाऱ्या तपासणीत लावलं, तर सगळं नेहमी हिरवंच दिसणार. दोन फायली ताडून बघणाऱ्या डिफची पद्धत घे: फरक नसेल तर ०, असेल तर १, फाइलच उघडली नाही असं काही बिघडलं तर २. प्रोग्रामरच्या बोटांना हे सवयीचं आहे. आणि आउटपुट माणसासाठी वेगळं, स्क्रिप्टसाठी वेगळं ठेव. माणसासाठीची वाक्यं तुला सुचतील तशी बदल, रंग लाव, काय हवं ते कर. स्क्रिप्टवाल्याला मात्र हात लावायचा नाही.

लायसन्सची फाइल झिपमध्ये नाही. ती नसेल तर 'फुकट आहे, घ्या' असं रीडमी या माहितीच्या फायलीत लिहून धड काही होत नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो, आणि परवानगी लिहिलेली नसेल तर हक्क आपोआप तुझेच. सरळमार्गी कंपनीतला माणूस मग ते घेतच नाही. एमआयटी लायसन्स टाक. छोटं आहे आणि 'जसं आहे तसं, कसलीही हमी नाही' हे त्यात स्वच्छ लिहिलेलं आहे. तुझ्या स्वभावाला त्या ओळीची फार गरज आहे!

रिलीज करायची तीही हाताने करू नकोस. गिटमध्ये, म्हणजे कोडच्या बदलांच्या नोंदवहीत, टॅग (आवृत्तीची खूण) मारायचा आणि त्या टॅगवरून स्क्रिप्टने गठ्ठा बांधायचा, मधे तुझ्या लॅपटॉपवरची एकही सुटी फाइल शिरता कामा नये. पायपीआय या पायथनच्या पॅकेजांच्या कोठारावर एकदा चढलेला आकडा परत मिळत नाही. पुसलास तरी त्याच नावाची फाइल पुन्हा चढवता येत नाही. म्हणून आधी त्यांच्या चाचणीच्या सर्व्हरवर चढवून, कोऱ्या मशीनवर उतरवून बघ.

हाताने बांधलेल्या गठ्ठ्याबद्दल मी एवढा हटून का बसलोय, तर एक्सझेडमुळे. एक्सझेड म्हणजे फाइल दाबायचं एक टूल, जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असतं. लासे कॉलिन नावाचा फिनलंडचा माणूस ते बरीच वर्षं मुख्यतः एकट्याने सांभाळत होता, बिनपगारी. २०२२ मध्ये त्याच्यामागे तगादा लागला की काम हळू चाललंय, दुसऱ्याकडे दे. त्याने उघड सांगितलं होतं की माझी मानसिक तब्येत बरी नाही, आणि हा छंदाचा प्रकल्प आहे. त्याच काळात 'जिआ टॅन' नावाने कुणीतरी शहाण्यासारखे पॅच (कोडमधल्या छोट्या दुरुस्त्या) पाठवत राहिलं, विश्वास कमावला, रिलीज करायचा अधिकारही मिळवला. फेब्रुवारी २०२४ मधल्या ५.६.० पासून त्यात चोरवाट होती. गंमत बघ: चोरवाटेला जागं करणारी बिल्डची ओळ गिटमध्ये नव्हतीच, फक्त रिलीजच्या गठ्ठ्यात होती. पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणाऱ्या अँड्रेस फ्रॉइंडला एसएसएचने, म्हणजे दुसऱ्या मशीनवर सुरक्षित शिरायच्या टूलने, लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, तो खणत गेला, आणि २९ मार्च २०२४ ला सगळं बाहेर आलं. अर्ध्या सेकंदासाठी खणत बसणारा माणूस! मला तर पान उघडायला दहा सेकंद लागले तरी मी नेटला शिव्या देऊन मोकळा होतो.

तुझ्या टूलमागे हेरखातं लागणार नाही, घाबरू नकोस. तगादा मात्र लागेल. माझं ते टर्मिनलमध्ये तक्ता छापणारं टूल तुला माहीत आहे. देवनागरीत 'क्ष' दिसायला एक अक्षर, पण मोजणीत दोन घरं. काना-वेलांटीला एक टर्मिनल जागा देतं, दुसरं देत नाही. रकाने सरळ येणं निम्मं माझ्या हातातच नाही. हे मी रीडमीत सर्वांत वर लिहून ठेवलं, कुठल्या टर्मिनलमध्ये जमतं तेही. तरी महिन्या-दोन महिन्यांनी कुणीतरी "साधी गोष्ट जमत नाही" असं ऐकवतंच. मग बडोद्याच्या एकाने गुजराती मजकूर, टर्मिनलचं नाव, आवृत्ती आणि अपेक्षित आउटपुट असं सगळं टिपून बग पाठवला, तेव्हा मी जेवण अर्धं टाकून बसलो. ही म्हणायची ती म्हणो, असा एक माणूस भेटला की पुढचे सहा महिने उत्साह टिकतो.

"एवढा एक ऑप्शन घाला ना" म्हणणारे फार भेटतील. घालणं सोपं असतं, तासाभराचं काम. पण दीड दिवसाचा गणपती एकदा पाच दिवसांचा केलास की पुढल्या वर्षी पुन्हा दीडचा करताना घरात काय होतं ते काकूंना विचार. म्हणून टूल काय करणार नाही याची यादी आत्ताच लिही. हिंदी-नेपाळी शुद्धलेखन तपासणार नाही, फायली आपोआप दुरुस्त करणार नाही, फक्त दाखवणार. यादी असली की नाही म्हणताना वाईटपणा यादीवर जातो. उत्तर द्यायला उशीर झाला तर झाला. शनिवारी सकाळीच बघतो, असं लिहून मोकळा हो.

आणि थांबायचं कसं, हेही सुरुवातीलाच ठरव. या बाबतीत संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथसारखा ऐटबाज दुसरा नाही. टेक या त्याच्या पानं जुळवणाऱ्या प्रोग्रामच्या तिसऱ्या आवृत्तीपासून दर दुरुस्तीला पायचा (π) एकेक अंक वाढतो, २०२१ पासून ३.१४१५९२६५३ चालू आहे. आपल्यामागे आकडा थेट पाय करा आणि उरलेले बग फीचर समजा, असं त्याने सांगून ठेवलंय. तुला-मला ते परवडत नाही. आपल्याला एवढंच पुरे की पासवर्ड एकट्याच्या डोक्यात राहू नये. दुसरा किल्लीवाला म्हणून माझं नाव घाल, मी तयार आहे. तुला कंटाळा आला तर 'आता सांभाळत नाही' अशी ओळ वर टाकून रेपॉझिटरी (कोडचं कोठार) वाचनापुरती ठेवायची, आणि कुणी अनोळखी फार गोड बोलून मागायला आलं तर आधी मला फोन करायचा.

एक्झिट कोड बदललास की ०.१ टाक, मग मी आमच्या टीममधल्या दोघांना वापरायला देतो. ते दोघंही महाखवचट आहेत, त्यामुळे आठवड्याभरात ०.२ करावी लागेल. दिवाळीला येणार असशील तर आउटपुटचं एकत्र बसून ठरवू, नाहीतर फोनवर. काकू-काकांना नमस्कार, वहिनींना सांग की शनिवार सकाळचा गुन्हेगार मी.

तुझा,
नंदू

ता. क. टूलचं नाव बदल रे. दोनच अक्षरांची कमांड आहे, अशी नावं कुठल्या ना कुठल्या मशीनवर कुणीतरी आधीच अडवलेली असतात.