दूरस्थ अभियंत्यांचे निरोप ग्राहकाच्या उपयोगी पडावेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

केंद्रीय दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२० मध्ये नियम शिथिल केल्यापासून माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील अनेकांना आपल्या गावी राहून नोकरी करणे सोपे झाले, याचा मला आनंद आहे. मात्र बिलिंग सॉफ्टवेअरच्या ग्राहकसेवेत काम करताना या व्यवस्थेतील एक उणीव सतत जाणवते.

वार्षिक उलाढाल ५ कोटींहून अधिक असलेल्या बहुतेक व्यापाऱ्यांना ऑगस्ट २०२३ पासून दुसऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याला माल विकताना ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी जीएसटी पोर्टलवर नोंदवलेले बिल, काढावे लागते. सर्व्हर अडला की भरलेला ट्रक गोदामाच्या फाटकाशी उभा राहतो आणि फोन आमच्याकडे येतो. अशा वेळी घरून दुरुस्ती करणारा अभियंता ग्रुपवर ‘क्यू तुंबली आहे, रीट्राय चालू आहे’ एवढेच लिहितो. म्हणजे बिलांची रांग अडली आहे आणि ती पुन्हा पाठवून पाहिली जात आहेत. ते खरे असते. पण बिल पुन्हा पाठवले तर दोनदा नोंदले जाईल का, या व्यापाऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर त्यात नसते. वस्तुतः एकाच आर्थिक वर्षात त्याच बिल क्रमांकावर पोर्टल दुसरा आयआरएन (बिलाचा नोंदणी क्रमांक) देत नाही. एवढे एक वाक्य निरोपात असले, तर घाबरून नव्या क्रमांकाचे बिल काढणे आणि मग जादा झालेले बिल २४ तासांच्या आत रद्द करण्यासाठी धावपळ करणे टळेल. पूर्वी अभियंत्याच्या टेबलाशी जाऊन हे विचारता येत असे. आता सारी भिस्त लिहिलेल्या निरोपावर आहे.

हे अशक्य नाही. ज्या सॉफ्टवेअर कंपनीचे कर्मचारी जगभर आपापल्या घरून काम करतात, त्या ‘गिटलॅब’मध्ये ३१ जानेवारी २०१७ रोजी मुख्य डेटाबेसमधील माहिती चुकून पुसली गेली, तेव्हा तिने दुरुस्तीची टिपणे सर्वांसाठी खुली ठेवली आणि सुमारे सहा तासांची माहिती गमावल्याचेही स्पष्ट सांगितले.

आम्हीही ‘काहीच चालत नाही’ असे न कळवता बिल क्रमांक, वेळ आणि पडद्यावरचा मजकूर जसाच्या तसा पाठवला पाहिजे; त्याविना दूरच्या माणसाने शोध कुठून सुरू करावा? कंपन्यांना मात्र आग्रहाची विनंती आहे, की ग्राहकाने आत्ता काय करावे आणि पुढची खबर किती वाजता मिळेल, हे लिहिणे दुरुस्तीच्या कामाचाच भाग मानावे, आणि अभियंता गुंतलेला असल्यास त्यासाठी दुसरा माणूस नेमावा.

आपला,
ग्राहकसेवा विभागातील एक कर्मचारी, पुणे