विषय: ‘व्हिंटेज युरेनियम ग्लास’ गोट्यांची ऑर्डर, तिकीट परत उघडण्याबाबत

नमस्कार कस्टमर केअर टीम,

तुमच्या साइटवरून मी गोट्यांचा एक लॉट मागवला होता, लिस्टिंगमध्ये लिहिलेलं ‘१०० टक्के व्हिंटेज युरेनियम ग्लास, जर्मन हँडमेड, अॅक्रो अॅगेट, १९२० चं दशक’ (युरेनियम ग्लास म्हणजे थोडं युरेनियम मिसळून बनवलेली काच). माल बघून मी तक्रार केली तर तुमच्याकडून एका ओळीचं उत्तर आलं की ब्लॅक लाइटखाली, म्हणजे यूव्ही (अतिनील) उजेडाखाली, प्रॉडक्ट चमकतंय म्हणजे ते ओरिजिनल आहे, आणि लगेच तिकीट क्लोज. म्हणून आता जरा सविस्तर लिहितेय, कृपया कोणीतरी माणसाने वाचा.

आधी ते लिस्टिंगच बघा. अॅक्रो अॅगेट ही अमेरिकन कंपनी, अॅक्रनला सुरू झाली, मग वेस्ट व्हर्जिनियातल्या क्लार्क्सबर्गला गेली आणि १९५१ ला बंद पडली, आणि तिच्या गोट्या मशीनवर बनायच्या. जर्मन हँडमेड म्हणजे लाउशा वगैरे भागातल्या, त्या काचेच्या कांडीवरून कात्रीसारख्या हत्याराने कापून काढायचे, त्यामुळे त्यांच्यावर कापल्याची खरबरीत किंवा घासून सपाट केलेली खूण असते. एकच गोटी जर्मन हँडमेड पण आणि अॅक्रो अॅगेट पण कशी असेल? मी भिंगाखाली प्रत्येक गोटी फिरवून बघितली, कापल्याची खूण एकीवरही नाही, म्हणजे हँडमेड तर सोडूनच द्या.

आता चमकण्याचं. काच चमकली म्हणजे युरेनियम, असं नसतं हो. युरेनियमची काच यूव्हीखाली आतून, अख्खीच्या अख्खी झगझगीत हिरवी दिसते. मँगनीज पूर्वी काचेतली लोखंडाची हिरवट झाक घालवायला टाकायचे, त्या काचेलाही हिरवी चमक येते पण फिकी, मरगळलेली. कॅडमियम असेल तर पिवळी-केशरी. हे तिन्ही प्रकार गोळा करणारे लोक आहेत, मी स्वतः कॅडमियमवाल्या आवडीने घेते, पण त्या त्या नावाने विकल्या तर! तुमच्या लॉटमध्ये दोन-तीन गोट्या खऱ्या युरेनियमच्या वाटतात, हे मी पहिल्या ईमेलमध्येही लिहिलं होतं. काही मँगनीजच्या आहेत, म्हणजे निदान जुन्या तरी असतील.

उरलेल्या बहुतेक गोट्यांचा प्रकार मात्र भलताच आहे, त्या यूव्ही टॉर्च बंद केल्यावरही अंधारात चमकतच राहतात. युरेनियमची चमक यूव्ही बंद झाला की त्याच क्षणी जाते, मागे काही रेंगाळत नाही. रेंगाळते ती ‘रेडियम’ म्हणून विकतात त्या खेळण्यांसारखी रात्री चमकणारी पावडर, आणि आज बाजारात ती जी तासन्‌तास टिकणारी पावडर मिळते ना, स्ट्रॉन्शियम अॅल्युमिनेटची, ती १९९० च्या दशकात आली. १९२० च्या गोटीत ती कुठून आली हे तुमच्या विक्रेत्याला विचारा, मला पण ऐकायला आवडेल. शिवाय यातल्या एकीचा टवका उडालाय तिथे आतली काच चमकत नाही, चमक फक्त वरच्या थरात. व्हिडिओ सोबत परत जोडलाय, टॉर्च बंद केल्यानंतरचा भाग मुद्दाम लांब ठेवलाय. माझा टॉर्च ३६५ नॅनोमीटर तरंगलांबीचा फिल्टरवाला आहे, म्हणजे त्याचा जांभळा उजेड जवळजवळ दिसत नाही. तुमच्या लिस्टिंगमधले फोटो सगळे जांभळे आलेत, म्हणजे बहुधा स्वस्त ३९५ वाल्या टॉर्चने काढलेत, त्या जांभळ्या उजेडात फिकी चमक कुठली आणि खरी कुठली हे खरेदीदाराला कळणारच नाही.

पॅकिंगबद्दल थोडक्यात सांगते. सगळ्या गोट्या एकाच प्लॅस्टिकच्या पिशवीत सुट्या टाकून पाठवल्या, एकमेकींवर आपटून ताजे टवके उडालेत, पिशवीच्या तळाशी काचेचा चुरा होता. नेमकी एक खरी युरेनियमवाली पण त्यात गेली, आणि गोटीला टवका पडला की तिची किंमत उतरतेच, पॉलिश करून घेतली तर अजूनच उतरते.

आता सगळ्यात भारी भाग. रिटर्न मागितलं तर तुमच्या दुसऱ्या एजंटने कळवलं की हा ‘रेडिओअॅक्टिव्ह माल’ आहे, सेफ्टी पॉलिसीमुळे कुरियरने परत घेता येत नाही. मग माझ्याकडे आला कसा, चालत? त्याच कुरियरने, त्याच खोक्यातून, वर कसलीही सूचना नसताना आला की. आणि युरेनियम काचेतून होणारं रेडिएशन अगदी किरकोळ असतं, नुसतं हातात घेण्याने किंवा कपाटात ठेवण्याने धोका नगण्य मानतात, त्यामुळे ती भीती मला घालू नका. बरं, पॉलिसी खरी असेलच तर ती विकतानाच पेजवर लिहायला हवी होती. म्हणजे मी माल खोटा आहे म्हटलं की तुमच्या मते माल युरेनियमचा, म्हणून खरा, आणि परत घ्या म्हटलं की माल युरेनियमचा, म्हणून धोकादायक. सोयीचं आहे खरं.

मला पूर्ण लॉटचे पूर्ण पैसे परत हवेत, डिलिव्हरी चार्जसकट, आणि पिकअप तुमच्या खर्चाने. अर्धा रिफंड किंवा पुढच्या खरेदीचं कूपन चालणार नाही, ते आधीच सांगते. खऱ्या दोन-तीन गोट्या पण घेऊन जा, लॉट तोडून हिशोब करत बसायची माझी इच्छा नाही. आणि ते लिस्टिंग अजून लाइव्ह आहे, आज सकाळी पण बघितलं, तेच फोटो, तोच मजकूर, ते आधी खाली घ्या किंवा दुरुस्त करा, नाहीतर अजून कोणीतरी घेईल. ते तसंच राहिलं तर ग्राहक आयोगाकडे जाताना स्क्रीनशॉट जोडायला माझ्याकडे तयार आहेत.

पिकअपची तारीख आणि रिफंड कधी जमा होणार ते याच ईमेलवर कळवा. गोट्या मी एकेक कागदात गुंडाळून देईन, तुम्ही पाठवल्या तशा नाही.

तुमची ग्राहक
(ऑर्डरची माहिती आणि फोटो आधीच्या ईमेलमध्ये आहेत)