टोळी यायच्या आत

डेव्हिस, कॅलिफोर्निया
ऑक्टोबर

ती. आबा आणि बाबा यांना साष्टांग नमस्कार. आज्जीला आणि आईलाही नमस्कार.

मी ठीक आहे. जेवण वेळेवर होतंय, आईने दिलेल्या कांदा-लसूण चटणीचा अर्धा डबा अजून शिल्लक आहे. बाकीची खुशाली फोनवर सांगून झालीच आहे. आजचं मात्र फोनवर सांगण्यासारखं नाही. फोनवर आपण सगळे एकदम बोलतो आणि ऐन मुद्द्यावर नेट जातं. म्हणून सविस्तर लिहितेय. आबांना मोठ्याने वाचून दाखवा.

गेल्या आठवड्यात विद्यापीठात एका बाईंचं भाषण ऐकलं. शेतमजुरांच्या चळवळीत त्यांचं सगळं आयुष्य गेलंय. आईबाप मेक्सिकोहून आलेले, आणि त्या स्वतः शाळेच्या वयापासून लेट्यूसच्या रानात. आता सत्तरी ओलांडलीय.

आई, तुझी पहिली शंका मला माहीत आहे: पोलीस होते का? नव्हते. कुणी घोषणाही दिल्या नाहीत. क्वाड म्हणून मोठं हिरवळीचं मैदान आहे, तिथे पोरं मांडी घालून बसली होती. याच मैदानावर नोव्हेंबर २०११ मध्ये शांतपणे बसलेल्या विद्यार्थ्यांच्या तोंडावर पोलिसांनी मिरचीचा फवारा मारला होता आणि पुढे विद्यापीठाला त्यांना भरपाई द्यावी लागली. हे तुझ्यापासून लपवत नाही, कारण उद्या तू कुठेतरी वाचशील आणि रात्रभर जागशील. हल्ली परदेशी विद्यार्थ्यांच्या व्हिसाच्या बातम्या येतात, त्याही मी वाचते. आणि बोलणाऱ्या माणसाचं काय होऊ शकतं ते आपल्या कोल्हापूरने पाहिलंय. पानसरे अण्णांना सकाळी फिरून घरी येताना गोळ्या घातल्या, तेव्हा मी शाळेत होते. २० फेब्रुवारी २०१५ ला ते गेल्याची बातमी आली आणि तू गॅस बंद करून तशीच खाली बसलीस, ते मला आठवतं. तुझी भीती खोटी नाही. पण टोलच्या आंदोलनात एन. डी. पाटील सरांना ऐकायला बाबांनीच मला गाडीवर मागे बसवून नेलं होतं. ऐंशीच्या पुढचा माणूस उन्हात उभा राहून सामान्य माणसाच्या खिशाचा हिशेब मांडत होता. ते ज्यांनी ऐकलंय त्यांना अशा भाषणाला जाऊ नकोस म्हणून कसं चालेल?

बाईंनी पिशवीतून एक अवजार काढलं आणि पुढच्या रांगेत फिरवायला दिलं. माझ्याही हातात आलं. तण काढायचं, रोपं विरळ करायचं अवजार. पुढे लोखंडी पातं, पण दांडा जेमतेम हातभर. मधे हाताच्या पकडीने लाकूड गुळगुळीत झालेलं. इथले मजूर त्याला 'एल कोर्तितो', म्हणजे 'आखूडसं', म्हणत. दांडाच एवढासा असल्यावर माणसाला कमरेत वाकूनच चालावं लागतं, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, सरीमागून सरी. मळेवाल्यांचं म्हणणं असं की लांब दांडा दिला तर लक्ष राहत नाही, रोपं तुटतात. बाई म्हणाल्या, खरं कारण वेगळं होतं. सगळे वाकलेले असले की उभा राहिलेला माणूस मुकादमाला लांबूनच दिसतो.

ते अवजार बंद व्हावं म्हणून वकिलांनी कैक वर्षं झगडा केला. पाठीचे मणके कसे कायमचे जातात याच्या डॉक्टरांनी साक्षी दिल्या. शेवटी १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात त्यावर बंदी आली. लेट्यूसचं पीक काही बुडालं नाही. आजही अमेरिकेतलं बहुतेक लेट्यूस इथूनच जातं, फक्त दांडा लांब झालाय.

ते हातात धरल्यावर मला आपला उसाचा फड दिसला. तोड सुरू झाली की बाबा बांधावरून ओरडतात, "खालनं घ्या, बुडखा ठेवू नका." बरोबरच आहे, साखर बुडख्यातच असते आणि वजनही तिथेच. पण जमिनीलगत कोयता घालायचा म्हणजे बाईने दिवसभर किती वाकायचं, हे मी त्या फडात लहानाची मोठी होऊनही कधी मोजलं नव्हतं. तोडायचं, पाचट काढायचं, वाढं छाटायचं, मोळी बांधायची, आणि ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढायचं. फळी पायाखाली लवते. बांधाला झोळीत पोर. रात्री खोपीपुढे दगडावर कोयत्यांना धार लावल्याचा आवाज तर आपल्या माडीपर्यंत यायचा.

आई, आपल्या मोटरीवर पाणी भरायला यायची ती माझ्याएवढी बीडची पोरगी आठवते? माझी जुनी वही घेऊन गेलेली. दुसऱ्या हंगामाला आली ती कपाळभर कुंकू लावून, नवऱ्यासोबत, अर्धा कोयता म्हणून. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकट्याला मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देत नाही, म्हणून पोरींची लग्नं उरकतात. २०१९ साली बीडच्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या आल्या, कारण पाळीत खाडा पडला तर दंड बसतो. तेव्हा तू पेपर आबांच्या हातात दिलास आणि काही बोलली नाहीस.

बाईंनी द्राक्षमळ्यांच्या संपाचंही सांगितलं. ८ सप्टेंबर १९६५ ला डेलानो गावात फिलिपिनो मजुरांनी तो सुरू केला. आठवड्याभरानंतर सीझर चावेझ आणि डोलोरेस ह्युएर्टा यांच्या संघटनेचे मेक्सिकन मजूर त्यात उतरले. तोवर मळेवाले एका जमातीचा संप दुसऱ्या जमातीचे मजूर आणून मोडत. या वेळी ते जमलं नाही. १९६६ मध्ये डेलानोहून सॅक्रमेंटोला, म्हणजे इथून पंचवीसेक किलोमीटरवरच्या राजधानीला, ही माणसं चालत गेली. जवळजवळ पाचशे किलोमीटर. पुढे ग्वादालुपेच्या मातेची पताका. आज्जी, तुला हे जास्त सांगायला नको. वारीत पायाला फोड आले तरी माणूस का चालतो, ते तू जाणतेस. शहरातल्या लोकांनी द्राक्षं विकत घेणं सोडलं तेव्हा कुठे १९७० मध्ये डेलानोच्या मळेवाल्यांनी करारावर सह्या केल्या. पाच वर्षं.

आता बाबांसाठी. इथून पुढचं सावकाश वाचा, कारण हे तुमच्यामाझ्या धंद्याचं आहे.

भाषणाच्या मध्यात बाई मागे वळल्या आणि माझ्याच विभागाच्या इमारतीकडे बोट दाखवून म्हणाल्या, टोमॅटो तोडायचं यंत्र या विद्यापीठात जन्मलं. खरं आहे. वर्गात आम्हाला ते अभिमानाने शिकवतात. एकीकडे इंजिनिअरांनी यंत्र केलं, दुसरीकडे पीकशास्त्रज्ञांनी यंत्राला सोसेल असा टणक, एकाच वेळी पिकणारा टोमॅटो तयार केला. मेक्सिकोहून हंगामी मजूर आणायची सरकारी योजना १९६४ अखेर बंद झाली, मग काही वर्षांतच प्रक्रियेचा बहुतेक सगळा टोमॅटो यंत्राने निघू लागला. आजही ऑगस्ट-सप्टेंबरात इथल्या रस्त्यांवरून दोन-दोन ट्रेलर भरून टोमॅटो जातात आणि वळणावर सांडलेले पडलेले असतात.

वर्गात जे कमी सांगतात ते बाईंनी सांगितलं. हजारो मजुरांचं काम गेलं, हे तर आलंच. पण साठच्या दशकाच्या सुरुवातीला टोमॅटो करणारे सुमारे ४००० शेतकरी होते, ते १९७३ पर्यंत ६०० च्या आसपास उरले. यंत्र महाग, त्याला लांबच लांब सलग रान लागतं. ज्याचं रान लहान त्याने टोमॅटो सोडला. बाबा, आपलं बावड्यातलं रान डोळ्यांपुढे आणा. आपल्यासारखे किती जण त्या ४००० मध्ये असतील?

१९७९ मध्ये मजूर आणि लहान शेतकऱ्यांच्या बाजूने विद्यापीठावर खटला झाला. मुद्दा एवढाच: लोकांच्या पैशातून संशोधन करता, तर त्याने कोण देशोधडीला लागणार याचा विचार आधी करा. १९८७ ला खालच्या कोर्टाने तो मान्य केला, १९८९ ला वरच्या कोर्टाने निकाल फिरवला. विद्यापीठ जिंकलं. माझ्या मते हरायला हवं होतं.

मग त्यांनी विचारलं, यंत्रं शिकणारे कोण कोण आहात, हात वर करा. मी केला. त्या म्हणाल्या, तुमच्या यंत्राने ज्यांचं काम जाईल त्यांच्यापैकी एकाशी तरी तुम्ही बोलला आहात का? आवाज चढवून नाही, अगदी साधं विचारलं.

भाषणानंतर गर्दी ओसरल्यावर मी त्यांना भेटले. सांगितलं की आमचा ऊस, मी लहान रानात चालेल असं तोडणी यंत्र करायचं ठरवून इथे आलेय. त्यांनी खाली बसवून घेतलं आणि शेतकऱ्याच्या बाईसारखे प्रश्न विचारले. मोळी किती किलोची? रात्री किती वाजता उठतात? आणि शेवटी, पैसे कुणाच्या हातात पडतात? मी म्हटलं, कोयत्याचा हिशेब नवऱ्याच्या नावावर होतो. त्या म्हणाल्या, मग तुझं यंत्र आलं की त्या बाईचं काम गेल्याची कुठे नोंदही होणार नाही, कारण ती कामावर होती हेच कुठे लिहिलेलं नाही. मुली, आधी तिला विचार.

तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय. बाबा, मी यंत्राच्या विरोधात नाही. त्या बाईही नव्हत्या. ते काम माणसाचं नाही, हे मोळी उचलून बघणारा कुणीही सांगेल. सरकार अनुदान देतंय, तोडकरी दरवर्षी कमी येतायत, यंत्र येणारच. पण आज जे मिळतं त्याला चार-पाच फुटी सरी लागते, वळायला जागा लागते, वर पाचटापोटी कारखाना वजनात कपात करतो. लहान शेतकऱ्याने एकतर रान एकत्र करायचं, नाहीतर ऊस सोडायचा. तुमची आणि त्या ऊसतोड टोळीची गत इथे एकच आहे, हे मला त्या मैदानावर बसून कळलं. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेला तुम्ही दरवर्षी जाता. उसाच्या पहिल्या हप्त्यावर जीव तोडून बोलणं होतं, आणि व्हायलाच हवं. पण एखाद्या तोडकरी बाईला तिथे माइकसमोर उभं राहिलेलं तुम्ही पाहिलंय का?

तुमचं म्हणणं मला पाठ आहे. तोडकरी खुशालीचे वरचे पैसे मागतात, ड्रायव्हरला एंट्रीचे पैसे द्यावे लागतात, तोडीची चिठ्ठी देणाऱ्या कारखान्याच्या चिटबॉयच्या मागे फिरायचं ते वेगळंच, आणि लाखांची उचल घेऊन टोळी फरार झाली की वाहनवाला देशोधडीला लागतो. हे सगळं खरं. पण हे पैसे त्या बाईच्या पदरात पडत नाहीत, हेही तुम्हीच सांगितलंय.

आता काम सांगते. दिवाळी झाली की टोळ्या येतील. त्याआधी एवढं करा.

मोटरीच्या घराशेजारी चार पत्रे उभे करून बायकांसाठी आडोसा करायचा, आत पाण्याचा नळ. इथे २००५ पासून नियम आहे: उन्हात काम करणाऱ्या प्रत्येक मजुराला तासाला साधारण लिटरभर पाणी मिळालंच पाहिजे, आणि सावली. तो नियमसुद्धा माणसं रानात उन्हाने मेल्यावर झाला. आपल्याला नियमाची वाट बघायची गरज नाही. पत्र्यांचे पैसे मी पाठवते, माझ्या असिस्टंटशिपमधून उरतात.

आई, टोळीतल्या बायकांशी तूच बोलायचं, बाबांनी नाही. मुकादम समोर नसताना, चहा देऊन. यंत्राबद्दल विचार: सगळंच काम यंत्राने केलेलं त्यांना हवं, की तोडणी त्यांच्याकडे ठेवून नुसती मोळी ट्रकात चढवणारं काही हवं? की गावाकडे दुसरं काम मिळालं तर कोयताच नको? पाठ कुठे दुखते, पाळीच्या दिवसांत काय करतात, हेही विचार. त्या सांगतील ते त्यांच्याच शब्दांत फोनवर रेकॉर्ड कर, पण आधी त्यांना विचारून, आणि नावं नकोत. माझ्या मार्गदर्शकांना मी सांगितलंय की प्रबंधाचं पहिलं प्रकरण हेच असेल. ते आधी जरा बिचकले, मग हो म्हणाले.

बाबा, तुम्ही फक्त आपल्या सऱ्यांचं अंतर आणि बांधाची रुंदी मोजून ठेवा, आणि भरलेल्या मोळ्या वजनकाट्यावर टाकून बघा, चार-पाच वेगवेगळ्या. आबांनी सोसायटीत बसल्यावर शेजारच्या रानवाल्यांकडेही विषय काढावा, त्यांचं कोणी मोडत नाही.

पंचगंगेला यंदा पाणी कुठवर आलं होतं, खालच्या तुकड्यातला ऊस उभा आहे की लोळला, तेही कळवा.

तुमची
धाकटी