क्लारिसचं ब्राँझ

प्रिय सखे,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. घरची खुशाली वाचून बरं वाटलं, पण फ्रान्सची ज्युदोपटू क्लारिस आग्बेन्येनू हिच्याबद्दलचं तुझं वाक्य काही केल्या मनातून जाईना. टोकियो ऑलिम्पिकच्या सुवर्णानंतर तिनं थांबायला हवं होतं, पॅरिस ऑलिम्पिकच्या ब्राँझनं आपल्याच नावाला बट्टा लावून घेतला, असं तू लिहिलंस. मला हे मुळीच पटलेलं नाही. आपण दोघी एकाच मॅटवर पडत-उठत ज्युदो शिकलो, म्हणून तुझ्याशी भांडायचा हक्क मला आहेच.

तू फक्त पदकांचा रंग बघते आहेस. मी तिच्या समोर कोण उभं होतं ते बघते. 2014 साली चेल्याबिन्स्कला ती 63 किलो गटात पहिल्यांदा जगज्जेती झाली. पुढच्याच वर्षी अस्तानाच्या अंतिम फेरीत स्लोव्हेनियाच्या तिना त्रस्तेन्याकनं तिला हरवलं. 2016 ला रिओत ऑलिम्पिकची फायनल, आणि समोर परत तिनाच. परत हार. रौप्य गळ्यात घालून ती घरी आली. एकाच मुलीकडून दोन मोठ्या फायनल हरल्यावर पाय किती जड होतात, ते आपल्याला राज्य स्पर्धेच्या पातळीवरसुद्धा ठाऊक आहे.

त्यानंतर तिनं काय केलं? 2017 ला बुडापेस्ट, 2018 ला बाकू, 2019 ला टोकियो, अशी लागोपाठ तीन जागतिक अजिंक्यपदं! त्यातली टोकियोची फायनल तू पुन्हा एकदा बघच. जागा बुदोकान, म्हणजे ज्युदोचं माहेरच, आणि समोर जपानचीच मिकु ताशिरो. नेहमीची चार मिनिटं बरोबरीत संपली आणि गोल्डन स्कोर सुरू झाला. पहिला गुण घेईल ती जिंकणार, घड्याळाला मर्यादा नाही. एकूण लढत अकरा मिनिटांच्या वर गेली. ग्रिपसाठी इतका वेळ झुंजल्यावर बोटं नीट मिटतसुद्धा नाहीत. तरीही शेवटचा डाव तिनंच साधला. माझ्या मते ताकदीपेक्षा हाच तिचा खरा गुण. दमलेली असतानाही ती पुढेच सरकत राहते.

2021 च्या जूनमध्ये बुडापेस्टला पाचवं जागतिक अजिंक्यपद झालं आणि पुढच्याच महिन्यात त्याच बुदोकानमध्ये ऑलिम्पिकची फायनल आली. समोर पुन्हा तिना. परत गोल्डन स्कोर, आणि या खेपेला क्लारिसची वाझाआरी, म्हणजे डावाचा गुण. पाच वर्षांचं ओझं उतरलं. पण माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते पुढे. क्लारिसनं तिनाला मिठी मारली आणि चक्क उचलून घेतलं. जिनं तिला रिओत रडवलं, तिलाच. चारच दिवसांनी मिश्र सांघिक फायनलमध्ये फ्रान्सनं जपानला 4-1 असं हरवलं, ते सुवर्ण वेगळंच.

तू म्हणतेस, इथं थांबायचं होतं. जून 2022 मध्ये तिला मुलगी झाली, अथेना. तेव्हा ती थांबली असती तर कुणी काही बोललंही नसतं. पण मे 2023 मध्ये, लेक वर्षाचीही नसताना, ती दोहाला सहाव्यांदा जगज्जेती झाली. मधल्या वेळात बाळाला दूध पाजत, मग पुन्हा मॅटवर. लेकीला ती सराव शिबिरांना, स्पर्धांना बरोबर नेत असे. पॅरिसच्या वेळीही मूल जवळ हवं, हे तिनं मोकळेपणानं मागितलं. शेवटी फ्रान्सच्या ऑलिम्पिक समितीनं अंगावर पाजणाऱ्या खेळाडूंसाठी क्रीडाग्रामाजवळच्या हॉटेलात खोल्यांची सोय केली. आपल्याबरोबरच्या किती मुलींचा ज्युदो लग्नानंतर, बाळंतपणानंतर कायमचा सुटला, आठव. त्यांना कुणी नाही म्हटलं नव्हतं. काही मागता येतं, हेच कुणी त्यांना सांगितलं नाही. मला तिचं हे मागणं सहाही जगज्जेतेपदांइतकंच मोठं वाटतं.

पॅरिसमध्ये उपांत्य फेरीत ती स्लोव्हेनियाच्या आन्द्रेया लेश्कीकडून हरली, खरंय. पण ही तीच लेश्की, जिला तिनं दोहाच्या फायनलमध्ये हरवलं होतं आणि जी पॅरिसला सुवर्ण घेऊन गेली. घरच्या प्रेक्षकांसमोर सुवर्णाची आशा संपल्यावर त्याच दिवशी परत उभं राहून ऑस्ट्रियाच्या लुब्याना पिओवेसानाशी लढायचं आणि ब्राँझ मिळवायचं, याला तू बट्टा म्हणतेस?

आणि सांघिक फायनल तर तू लिहिलीच नाहीस! 3 ऑगस्ट 2024, पुन्हा जपान. फ्रान्स 3-1 नं मागे. फ्रान्सच्या जोआन-बेंजामँ गाबानं जपानच्या हिफुमी आबेला हरवलं, तरी एका लढतीची पिछाडी बाकीच होती. क्लारिस हरली असती तर सगळं तिथंच संपलं असतं. समोर मिकु ताकाइची, म्हणजे बुदोकानची तीच मिकु ताशिरो, आता लग्नानंतरच्या नावानं. क्लारिसनं ती लढत जिंकली आणि 3-3 झालं. मग बरोबरी सोडवायला शेवटची लढत कोणत्या वजनगटाची, याची चिठ्ठी काढली, ती पडली फ्रान्सच्या तेदी रिनेरच्या गटाची. त्यानं लढत काढली आणि सगळ्या जगानं त्याचंच नाव घेतलं. घ्यावंच, तो थोर आहेच. पण त्याच्यापर्यंत सामना पोचवला कुणी?

अजून एक. क्लारिस जन्मली तीच अपुऱ्या दिवसांची, जुळ्या भावासोबत. मूत्रपिंडाच्या दोषामुळे शस्त्रक्रिया झाली आणि काही दिवस ती कोमात होती. कधी थांबायचं, हे तिला बाहेरून आपण काय सांगणार?

रविवारी दुपारी फोन कर. आधी ती मिकुबरोबरची पॅरिसची लढत बघून ठेव आणि मग भांड माझ्याशी. मुलांना गोड पापा, काकूंना नमस्कार.

तुझीच,
मॅटवरची जोडीदारीण