बाबा, तुमचं ॲडमिनपद मी काढलं, त्याबद्दल

तीर्थरूप आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर बाबा दोन वाक्यं बोलले आणि "घे, आईशी बोल" म्हणाले, तेव्हाच मला कळलं की ते कॉम्प्युटरवरून बिनसलंय. फोनवर हे नीट सांगता येत नाही, तुम्ही "बरं, बरं" करता आणि विषय तिथेच राहतो. म्हणून लिहितेय. ताईला प्रिंट काढून आणायला सांगितलंय, अक्षर मोठं ठेवलंय. बाबा, चष्मा लावूनच वाचा.

दिवाळीत नवा कॉम्प्युटर बसवला तेव्हा तुमचं खातं मी 'स्टँडर्ड' केलं, आईला वेगळं खातं काढून दिलं आणि 'घर' नावाचं तिसरं खातं केलं. ॲडमिनिस्ट्रेटर, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये हवे ते बदल करू शकणारं खातं, फक्त ते. आता नवं काही बसवायचं झालं की पडदा मंद होतो आणि 'घर'चा पासवर्ड मागतो. "माझ्याच घरात मला परवानगी लागते का?" असं तुम्ही आईला म्हणालात म्हणे. आईचं म्हणणं, आधी विचारायला हवं होतं. पण विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात, आणि तुम्ही नाही म्हटल्यावर मी ते केलं असतं तर घरात काय झालं असतं ते आईलाही माहीत आहे.

बाबा, तुम्ही इतकी वर्षं हेड कॅशियर होतात. स्ट्राँगरूमची एक किल्ली तुमच्याकडे, दुसरी मॅनेजरसाहेबांकडे. एकट्याच्या किल्लीने दार उघडत नाही याचा तुम्हाला कधी कमीपणा वाटला नाही. उलट दोन किल्ल्या आहेत म्हणून रात्री झोप लागते, असं तुम्हीच सांगायचात. इथे तर दुसरी किल्लीही तुमच्याच कपाटात आहे: लॉकरच्या खणात पासबुकांच्या खाली बंद पाकीट आहे, त्यात पासवर्ड. फक्त उठून जावं लागतं, आणि ते दोन मिनिटं उठणंच मला हवंय. मी स्वतःही रोज स्टँडर्ड खात्यावरच काम करते, हवं तर जावयांना विचारा.

कारण ॲडमिन खात्यावर असलं की तो मंद पडदा पासवर्ड मागत नाही, नुसतं 'येस'चं बटण दाखवतो. त्या दुपारी त्या फसवणाऱ्या माणसाने तुम्हाला तेच दाबायला लावलं. आईने वायर ओढली म्हणून निभावलं. त्यावर मी पुन्हा बोलणार नाही. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, अक्षरं पुसट दिसत होती, कुणीही दाबलं असतं. आणि यामुळे सगळंच टळतं असंही नाही. फोनवर कुणी ओटीपी काढून घेतला तर कॉम्प्युटरची कुठलीच परवानगी आड येत नाही. तसं काही झालं तर पहिला फोन १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, मला नंतर.

आपल्या घरात पासवर्डला मान कधी नव्हताच म्हणा. विंडोज ९८ च्या वेळी माझ्या सहामाहीआधी तुम्ही केवढ्या कडकपणे पासवर्ड घातला होता! मी एस्केपचं बटण दाबायचे आणि आत जायचे. तेव्हा ते चालायचं, त्या विंडोजला कोण आत आलंय याची पर्वाच नव्हती. आईने उरलेल्या पडद्याच्या कापडाचं कव्हर शिवलं होतं, ते मी पुन्हा नीट घालायचे, पण झालर नेहमी उलट्या बाजूला जायची. तुम्ही बघायचात आणि काही बोलायचा नाहीत. मला अजून वाटतं, तुम्ही मुद्दामच बोलला नाहीत.

आता तुमच्या तक्रारी.

जुन्या डिस्कवरचे फोटो. ते गेलेले नाहीत, आई, रडू नकोस. फोल्डर उघडताना परवानगी नाही असं येतं, कारण विंडोज नाव बघत नाही. प्रत्येक खात्याला ते आतून एक लांबलचक नंबर देतं, आणि फोल्डर कुणाचा हे त्या नंबरावरून लिहून ठेवतं. जुन्या कॉम्प्युटरवरही बाबांचं नाव हेच होतं, पण नंबर वेगळा. म्हणून मालकाच्या जागी 'अकाउंट अननोन' आणि पुढे एस-१-५-२१ अशी शेपटी दिसते. पेनड्राइव्ह कुठेही उघडतात, कारण त्यांवर बहुधा ही नोंदच नसते. उपाय असा: 'घर' खात्यात जायचं, त्या फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड. वर 'ओनर'समोर 'चेंज' आहे, तिथे बाबांचं खातं द्यायचं आणि खालच्या 'रिप्लेस ओनर' या चौकोनात टिक करायची, म्हणजे आतल्या फोल्डरांनाही लागू होतं. मग पुन्हा सिक्युरिटीत येऊन बाबांना 'फुल कंट्रोल', म्हणजे पूर्ण परवानगी, द्यायची. फोटो बरेच आहेत, वेळ लागेल. मध्येच बटण बंद करू नका. उघडले की सगळे डी ड्राइव्हवरच्या 'घरचे फोटो'मध्ये कॉपी करा, तो फोल्डर दोघांनाही उघडतो.

हे फक्त त्या जुन्या डिस्कवर करायचं. सी ड्राइव्हवरच्या विंडोज आणि प्रोग्रॅम फाइल्सच्या फोल्डरांना हात लावायचा नाही. वरच्या मजल्यावरचा मुलगा म्हणेल, "काका, सगळ्याला एव्हरीवन फुल कंट्रोल देऊन टाकतो." मुलगा गुणी आहे, त्याला चहा द्या, पाकीट देऊ नका.

सोसायटीचा हिशोब सेव्ह होत नाही, कारण बाबा अजून थेट सी ड्राइव्हवर ठेवायला जातात. तिथे आता ॲडमिनलाही सहजासहजी ठेवू देत नाहीत, त्यामुळे हा माझ्यावरचा राग कमी करा. डॉक्युमेंट्समध्ये ठेवा.

श्रीलिपीच्या जुन्या मराठी फॉन्टमधल्या नोटिसा बाबांच्या खात्यात नीट दिसतात आणि आईच्या खात्यात भलतीच चिन्हं येतात, कारण फॉन्ट फक्त बाबांच्या खात्यापुरता बसलाय. फॉन्टवर राइट क्लिक करून 'इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स' करा. पाकीट लागेल.

आई, तुझ्या खात्यात अक्षरं मोठी केलीत, मराठी कीबोर्ड घातलाय, कीर्तनाचा शॉर्टकट अगदी समोर आहे. पिन मामाच्या फोनचे शेवटचे चार आकडे. बाबांचं अर्धं काम राहिलं असेल तर बंद करू नकोस, विंडोजचं बटण आणि एल दाबलंस की खालच्या कोपऱ्यात तुझं नाव येतं. बाबांचं काम तसंच राहतं.

जुन्याच मशीनवर का भागवलं नाही, हे बाबा अजून विचारतात. त्याला विंडोज ११ चालत नव्हतं, आणि विंडोज १० ची नेहमीची दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. पैशांचा विषय काढू नका. आयुष्यभर माझ्या फिया भरल्यात.

प्रिंटर राहिलाय. रविवारी नाश्ता झाला की फोन करा, मी विंडोजच्या क्विक असिस्टवरून तुमची स्क्रीन इथून बघते. पासवर्ड विचारणारी चौकट आली की मला इथे काहीच दिसत नाही, त्यामुळे तो बाबांनाच टाकावा लागेल. पाकीट आधी काढून ठेवा. आणि डोळ्याचे थेंब घातल्यावर लगेच स्क्रीनसमोर बसायचं नाही, रविवारीसुद्धा.

तुमची,
मनू