ओमला त्र्याऐंशी मिळाले

ठाणे
रविवार, दुपार

प्रिय माधुरी,

स. न. वि. वि. वगैरे. इतके दिवस पत्र नाही, फोन नाही, ऋताच्या साखरपुड्याचे फोटोसुद्धा नुसते अंगठे दाखवून पाहिले. यावर तू जे जे बोलणार आहेस ते सगळं मी ऐकून घेतलं असं समज आणि पुढे वाच. माझी शुगर बरी आहे, गुडघे बरे नाहीत, आईचा दुसरा मोतीबिंदूही झाला. तब्येतीचं संपलं.

आपल्या ओमला त्र्याऐंशी मिळाले.

आता तू पत्र बाजूला ठेवून आनंदाने सुधीररावांना हाक मारायच्या आत सांगते. मार्क नव्हेत. बुद्ध्यंक.

नववी सुरू झाल्यापासून शाळेने नंदूच्या मागे लकडा लावला होता, मुलाची चाचणी करून घ्या म्हणून. कळवळा ओमचा नव्हे. दहावीच्या शंभर टक्के निकालाचा फ्लेक्स दरवर्षी गेटवर लागतो, तो ओममुळे नव्याण्णव पूर्णांक काहीतरी व्हायला नको. बाईंनी गोड बोलून सांगितलं की एलडीचा, म्हणजे शिकण्यातल्या विशिष्ट अडचणीचा, दाखला आणलात तर बोर्डात सवलती मिळतील. ते खरंच आहे. १९९६पासून आपल्याकडे ही सोय आहे. जादा वेळ मिळतो, एक भाषा सोडता येते, बीजगणित-भूमितीच्या जागी सातवीचं गणित आणि कार्यानुभव घेता येतो. स्वातीला वाटलं, सुटलो. तिने देवाला नारळसुद्धा बोलला.

सरकारी दवाखान्यात बऱ्याच खेपा झाल्या. एकदा नंदूला रजा मिळेना म्हणून मी गेले. चाचणी घेणारी मुलगी आपल्या ऋताच्या वयाची, केसांना लाल रंग, पण ओमशी इतकी छान बोलली की मला वाटलं हिलाच शाळेत नेऊन बसवावं. तिने सांगितलं की ही मालिन नावाच्या गृहस्थांची चाचणी, मूळ अमेरिकन चाचणीवरून १९६९मध्ये नागपूरला बेतलेली. म्हणजे तुमच्याच गावची! संत्र्याची बर्फी सोडून नागपूरहून आमच्या घरी आलेली ही पहिली वस्तू. रोजचं वागणं बघायला स्वातीला वेगळे प्रश्न विचारले, एकटा प्रवास करतो का, स्वतःचे कपडे आणतो का, पैसे सांभाळतो का. तीही मोजपट्टी मालिननीच नागपूरला आपल्याकडची केलेली. मूळची अमेरिकेतल्या व्हाइनलँडची. या व्हाइनलँडचं पुढे सांगते, ते मला झोपू देत नाही.

निकाल असा: बोलून उत्तर द्यायच्या भागात ७४, हाताने करायच्या भागात ९२, दोन्हींची सरासरी ८३. ठोकळ्यांची नक्षी जुळवताना तो रंगला होता म्हणे. शब्दांचे अर्थ विचारले की खिडकीबाहेर बघायचा. त्यात हा मुलगा घरी मराठी, शाळेत इंग्रजी, खेळताना हिंदी, तिन्ही अर्धवट. पोरीने दोन्ही भाषांत विचारलं, पण ज्याला कुठल्याच भाषेत धड वाक्य पुरं करता येत नाही त्याला किती भाषांत विचारणार? त्या भाषेवरून मी नंदूशी ओम तीन वर्षांचा असताना भांडले होते. तेव्हा तू नंदूची बाजू घेतली होतीस, विसरले नाहीये.

आता गंमत बघ. एलडीचा दाखला हवा तर बुद्ध्यंक ८५ तरी पाहिजे, म्हणजे डोकं ठीक आहे पण वाचन-लेखन-गणितात अडतंय असं ठरतं. मतिमंदत्वाचा दाखला हवा तर सत्तरच्या खाली. मधल्या मुलांना म्हणायचं स्लो लर्नर आणि द्यायचं काहीच नाही. ज्याला सगळ्यात कमी मदत लागते त्याला मदत, ज्याला सगळ्यात जास्त लागते त्यालाही मदत, आणि आमचा ओम दोन फलाटांच्या मध्ये रुळावर उभा.

नंदू म्हणतो परत चाचणी करू, दुसरीकडे, दोन तर गुण हवेत. ते अगदीच वेडगळ नाही. एकाच मुलाला दोनदा बसवलं तर चार-पाच गुण इकडचे तिकडे होतातच, त्या पोरीनेच सांगितलं. पण लगेच बसवलं तर प्रश्न ओळखीचे होतात, निदान वर्ष जाऊ दे म्हणाली. वर्ष गेलं की दहावी आली. आणि स्वाती काय म्हणाली माहीत आहे? रात्री भांडी लावता लावता हळूच मला विचारते, “ताई, पुढच्या वेळी त्याला थोडं चुकायला सांगितलं तर?” म्हणजे बाप पोराला वर ढकलतोय, आई खाली, आणि दोघंही त्याच्या भल्यासाठी. मी तिला हसले नाही. तिने सगळे कागद चाळलेत, दिव्यांगाच्या सवलतींना निदान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं हेही तिला पाठ आहे. बारावी नापास म्हणून आपण जिला नावं ठेवायचो ती ही स्वाती. (मी ठेवायचे. तू नाही. बरं.)

हे सगळं सोसलं असतं. पण गुरुवारी तो कागद ओमच्या हाती लागला. नंदूने टीव्हीच्या मागे लपवला होता. नंदूने लपवलेली वस्तू आजवर कोणाला सापडली नाही असं झालंय का? मी बँकेच्या पेन्शनच्या कामाला गेले होते. संध्याकाळी दार उघडलं तर पोरगं जिन्यातच उभं. “आत्या, मला त्र्याऐंशी मिळाले!” आजवर चित्रकलेतसुद्धा पन्नासच्या वर गेला नव्हता गं. आईने देवापुढे साखर ठेवली होती. शेजारी सांगून झालं होतं. कुलकर्णीकाकूंनी पेढे पाठवले होते आणि पुढ्यात तो बसला होता, तोंड माखलेलं, मिसरूड फुटलेला घोडा. मला म्हणतो, “शंभरपैकीच ना गं?”

मी म्हटलं, हो, शंभरावरच मोजतात.

खोटं नाही बोलले. सरासरी शंभरच धरतात. पण स्वाती आत जाऊन रडली आणि नंदू जेवलाच नाही.

आता कळलं तुला का लिहितेय? घरात सगळे सांगतात, सांगू नकोस, विसरेल तो. वन्संबाई म्हणतात, काही ना काही असतंच मुलात, चित्रं काढायला लावा. माधुरी, ओम चित्रं वाईट काढतो. त्याच्यात काहीतरी लपलेलं असलंच पाहिजे हा हट्ट मला त्या आकड्याइतकाच जाच वाटतो. तो हळू आहे. दोन वस्तू आणायला पाठवला तर एक आणतो, आणि दुकानदाराच्या आईची तब्येत विचारून येतो. एवढंच. चाचणी खोटी आहे असंही मी म्हणत नाही. शब्दांत तो अडतो हे मला ठाऊक होतं, तिने ते नेमकं पकडलं. शाळेत कोणाला जड जाईल हे सांगण्यात हा आकडा बऱ्यापैकी खरा ठरतो, हेही वाचलं मी.

हो, वाचत बसले. नंदूने आइनस्टाइनचा आयक्यू १६० असा फॉरवर्ड पाठवला होता, त्यावरून सुरुवात झाली. आइनस्टाइनने अशी चाचणी दिल्याची कुठे नोंदच नाही! पहिली चाचणी पॅरिसमध्ये १९०५ साली बिने आणि सिमोन यांनी केली, तीही अशाच मुलांसाठी, वर्गात मागे पडणाऱ्यांना ओळखून वेगळं शिकवावं म्हणून. बिने म्हणायचा की हा आकडा म्हणजे माणसाची कायमची उंची नव्हे. मागे पडलेल्या मुलांचं लक्ष टिकावं म्हणून तो त्यांना चक्क स्टॅच्यू खेळायला लावायचा. आपला स्टॅच्यू! तू राव सरांच्या तासाला मला स्टॅच्यू म्हणालीस आणि मी खडू तोंडात तसाच धरून उभी राहिले, आठवतंय? म्हणजे आपण पॅरिसचे उपचार घेत होतो.

१९११मध्ये बिने गेला. चाचणी तोवर अमेरिकेत पोचली होती, गोडार्ड नावाच्या गृहस्थाने नेली, आणि कुठे, तर व्हाइनलँडला, मंदबुद्धी मुलांच्या शाळेत. त्या माणसाने माणसांची वर्गवारी केली, हे जन्मजात, हे असेच राहणार, यांना मुलं होऊ देऊ नयेत. १९२७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने व्हर्जिनियातल्या कॅरी बक नावाच्या मुलीची नसबंदी मंजूर केली. तिची आई मंद, ती मंद, तिची तान्ही पोरगीही मंदच, असं धरून. ती पोरगी पुढे शाळेत गेली आणि एकदा चांगल्या मार्कांच्या यादीत आली. आठ वर्षांची होऊन वारली. हे वाचून मी रात्री उठून ओमच्या खोलीत डोकावून आले. उगाचच. तो घोरत होता.

स्वातीला उत्तरं दिली त्या प्रश्नांच्या कागदावर व्हाइनलँड हे नाव होतं म्हणून सांगितलं. ते प्रश्न गोडार्डचे नाहीत, नंतरच्या माणसाचे आहेत आणि कामाचे आहेत. तरी नाव वाचलं की पोटात गोळा येतो.

आणि तुझ्यासाठी एक मजा. टर्मन नावाच्या प्राध्यापकाने कॅलिफोर्नियात दीड हजारांवर हुशार मुलं निवडली आणि आयुष्यभर त्यांचा पिच्छा पुरवला. बुद्ध्यंक साधारण १३५च्या वर हवा होता. म्हणजे तुझे अण्णा मिरवायचे त्या तुझ्या १३१ला त्याने दारातूनच परत पाठवलं असतं. त्याने वगळलेल्यांत शॉक्ली आणि अल्वारेझ होते, दोघांना पुढे भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. निवडलेल्यांत एकालाही नाही. तेव्हा तुझं अजून काही बिघडलेलं नाही, ऋताचं लग्न उरक आणि बघ.

चिडलीस ना? चीड. पण हेच मला विचारायचं आहे. सातवीत ते बी.एड. कॉलेजचे लोक आले, आपल्याला कोडी सोडवायला बसवलं, आणि देशपांडे बाईंनी फक्त मोठे आकडे वाचून दाखवले. तुझा वाचला. माझा नाही वाचला. मला आजही माहीत नाही माझा किती होता, आणि खो-खोच्या भांडणात तू म्हणालीस, “शंभरच्या आतला असणार.” त्यावर मी चार महिने बोलले नाही. पण बघ, मला त्या आकड्याने काहीही केलं नाही. बँकेत लागले, कोणी विचारलं नाही. खरं तर तुझंच वाट्टोळं झालं. अण्णा पाहुण्याला पाणी द्यायच्या आधी तुझा आकडा द्यायचे. तू नापास झालीस तर आळशी, पास झालीस तर त्यात काय. इंजिनिअरिंग सोडलंस तेव्हा अण्णा म्हणाले होते, “एकशे एकतीसची पोरगी,” आणि वाक्य पुरं केलं नव्हतं. मी दारात होते. तू विहिरीकडे निघालीस म्हणून मी मागे धावले तर तू कपडे वाळत घालायला निघाली होतीस. त्याबद्दल आपण कधीच बोललो नाही.

ओमला माहीत नाही म्हणून तो पेढे खातोय. एखाद्या शहाण्या मावशीने सांगितलं की थांबेल. आणि नाही सांगितलं तर? दहावीच्या वर्गात कोणीतरी सांगेलच, बाईच सांगतील. तुला सगळं सांगितलं होतं, ते बरं होतं की वाईट? तुझा आकडा मोठा आणि त्याचा लहान, हे मला कळतं. पण घरातली माणसं बोलताना तुझ्याकडे बघत नव्हती, आकड्याकडे बघत होती. आता आमच्याकडे तेच सुरू झालंय. काल ओमने चहा सांडला तर नंदू काही बोलला नाही. पूर्वी ओरडला असता! ते न ओरडणं मला फार वाईट वाटलं.

शाळेचं म्हणशील तर मुक्त विद्यालयातून परीक्षा द्यावी असं मी सुचवलंय, विषय निवडता येतात. नंदू अजून ‘लोक काय म्हणतील’ला पोचलेला नाही, ‘मी काय म्हणेन’लाच अडकलाय. होईल.

आता तुझं. सुधीररावांच्या खांद्याचं काय झालं? ऋताचा मुलगा (होणारा नवरा गं, म्हातारी झाले) फोटोत जरा भित्रा दिसतो, बरंच आहे. हॉल अमरावती रोडचाच घेतला का? मला आहेर-पाकिटांचं सांग, साडी नको म्हणशील तर ऐकेन. शिकवणीतली मुलं किती आहेत यंदा? पाठीला पट्टा लावतेस ना?

दिवाळीनंतर ओमला घेऊन तुझ्याकडे यायचा विचार आहे, चार दिवस. त्याला कळूही देऊ नकोस मी हे सगळं लिहिलंय. तू त्याच्याशी काय बोलायचं ते तुझं तू ठरव, मी स्वयंपाकघरात बसेन. मला त्याबाबतीत तुझ्याइतकं कोणाचंच खरं वाटत नाही, माझंही नाही.

आणि एक घाईचं. आई तुला उद्या फोन करणार आहे, नातवाच्या त्र्याऐंशींची बातमी द्यायला. कौतुक कर, वेळ काढ. ती फोन ओमच्या हातात देईल, देतेच. तेव्हा काय बोललीस ते मला लगेच कळव, मेसेजवर नको, घरात सगळे माझा फोन उघडतात.

तुझी,
शैला