कुंड गरम, पण रविवारची गाडी नाही

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मध्यंतरी कोकणातल्या गरम पाण्याच्या कुंडांवर पानभर लेख आला होता. फोटो सुरेख होते. 'शुक्रवारी रात्री निघा, शनिवार-रविवार डुंबा आणि सोमवारी कामावर हजर व्हा' असा बेतही लेखात आखून दिला होता. माझी हयात एसटीत गेली. शेवटची बरीच वर्षं रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका स्टँडवर मी वाहतूक नियंत्रक होतो, म्हणजे प्रवाशांच्या भाषेत 'कंट्रोलर'. अशा बेतांचं पुढे काय होतं ते मी चौकशीच्या खिडकीच्या आतून पाहिलेलं आहे, म्हणून हे पत्र.

पहिला घोटाळा नावांचा. मुंबईचा प्रवासी खिडकीपाशी यायचा आणि विचारायचा, "गरम पाण्याच्या कुंडाची गाडी किती वाजता?" कुठलं कुंड, असं विचारलं की, "ते उन्हा... काहीतरी." उन्हेरे रायगड जिल्ह्यात, पालीच्या बल्लाळेश्वराजवळ. उन्हवरे दापोली तालुक्यात. उन्हाळे पार खाली राजापूरला, तिथल्या गंगेच्या, म्हणजे अधूनमधून प्रकटणाऱ्या झऱ्याच्या, वाटेवर. एकाहून दुसऱ्याला जायचं म्हणजे तालुके पालथे घालायचे. शिवाय आरवली, तुरळ, राजवाडी ही संगमेश्वर तालुक्यातली वेगळीच. आपल्या लेखात ही सगळी एका परिच्छेदात ओवली होती, तालुक्याचं नाव एकालाही नव्हतं. तेवढं असतं तरी खिडकीतल्या माणसाचा अर्धा ताप वाचतो.

आता मुख्य मुद्दा, रविवारचा. आतल्या गावांच्या बहुतेक फेऱ्या शाळेच्या वेळेवर आखलेल्या असतात. सकाळी पोरं आणायची, दुपारी-संध्याकाळी सोडायची, आणि त्याच गाडीत बाजारहाट करणारी, दवाखान्यात जाणारी माणसं बसतात. रविवारी शाळा नाही म्हणजे भारमान, म्हणजे गाडी भरेल इतके प्रवासी, नाही, आणि भारमान नाही म्हणजे त्यातल्या कित्येक फेऱ्या त्या दिवशी सुटतच नाहीत. दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीतही तीच गत. म्हणजे मुंबईकर ज्या दिवशी मोकळा, नेमकी त्याच दिवशी गावची गाडी नाही. गणपतीत तर विचारूच नका. गाड्या मुंबईच्या जादा वाहतुकीला ओढल्या जातात आणि गावातल्या फेऱ्या रद्द होतात. चाकरमानी घरी पोहोचतो, पण त्याची आत्या शेजारच्या गावाहून येऊ शकत नाही. हा मजकूर मी फळ्यावर खडूने लिहायचो, त्यामुळे लोकांच्या शिव्याही मीच खाल्ल्या आहेत.

म्हणून ज्याला कुंडावर निवांत जायचं आहे त्याने एक-दोन दिवसांची रजा टाकावी आणि मंगळवारी किंवा बुधवारी जावं. गाडी मिळते आणि कुंडावर गर्दीही नसते. जाताना वेळ कुणालाही विचारा, परतीची वेळ मात्र स्टँडवरच्या माणसाला विचारा आणि कागदावर लिहून घ्या. संध्याकाळी सुटणारी शेवटची गाडी बऱ्याचदा वस्तीची असते. ती गावात मुक्कामाला जाते आणि सकाळी उलटी येते. ती गावाकडे जाताना पाहून 'हीच परत फिरेल' असं समजणारे किती तरी लोक अंधारात थांब्यावर बसलेले मला ठाऊक आहेत. शेवटी कुणाच्या तरी ओटीवर त्यांची झोपायची सोय होते. कोकणी माणूस हाकलत नाही, पण ते काही नियोजन नव्हे.

रेल्वेचं सांगायचं तर संगमेश्वर, आरवलीसाठी दोन गाड्या कामाच्या. सकाळी दिव्याहून सुटणारी सावंतवाडी पॅसेंजर लहान स्टेशनांवरही थांबत जाते, आरवली रोडलाही. मी सध्या मुलाकडे डोंबिवलीला असतो, मला ती सोयीची. दुसरी तुतारी एक्सप्रेस, दादरहून मध्यरात्री बारानंतर सुटणारी. हिच्यात एक खोच आहे. शुक्रवारी रात्री जेवून निघणाऱ्याची गाडी बारा वाजून गेल्यावर सुटते, म्हणजे तारीख शनिवारची. आरक्षण शुक्रवारचं केलं तर तुम्ही फलाटावर पोहोचायच्या आधी, आदल्या रात्रीच ती गेलेली असते. आरक्षण ६० दिवस आधी खुलं होतं, तेव्हा शांतपणे तारीख दोनदा वाचावी. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या सावकाश चालवतात, हेही ध्यानात असू द्या. आणि राजापूर रोड स्टेशन राजापूर गावापासून चांगलंच लांब आहे. स्टेशनातून बाहेर पडून 'गंगा कुठे?' विचारणाऱ्यांसाठी हे मुद्दाम लिहितो. गंगा तरी त्या वेळी आलेली आहे का, हे आधी विचारावं. ती बारमाही नाही. साधारण तीन वर्षांनी येते म्हणतात, पण ती पंचांग बघून येत नाही.

स्वतःच्या गाडीने जाणाऱ्यांना मी काय सांगणार? मुंबईपासून संगमेश्वर तीनशे किलोमीटरच्या आसपास. मोबाइलवर दिसणाऱ्या वेळेत दोन-अडीच तास मिळवा, आणि रात्रभर गाडी हाकून पहाटे त्याच अंगाने कडक पाण्यात उतरू नका.

कारण पाणी खरोखर कडक असतं. तुरळचं पाणी ६० अंश सेल्सियसच्या घरात, उन्हवऱ्याचं ७० च्या आसपास. राजापूरजवळच्या उन्हाळे गावचं मात्र ४२ च्या आगेमागे, म्हणजे अंगाला सोसेल असं. हा फरक लेखात नव्हता, तिथे सगळीकडे 'कोमट, सुखद' एवढंच होतं. साठ अंशांचं पाणी अंगावर पाच सेकंद राहिलं तरी कातडी गंभीर भाजते. म्हणूनच अशा ठिकाणी मूळ झऱ्यात कुणी उतरत नाही. पाणी पुढे टाक्यात किंवा न्हाणीत सोडून, निवत ठेवून वापरतात. आधी तांब्याने पाणी काढा, हाताला सोसतंय का बघा, मग पायावर घ्या. लहान पोरांना कुंडाच्या काठावर मोकळं सोडू नका. रक्तदाब, हृदयविकार असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बसू नये. बाकीच्यांनाही एका वेळी दहा-पंधरा मिनिटं पुष्कळ झाली. बाहेर येताना सावकाश उठा, चक्कर येते. पाणी पिऊ नका, नाकात जाऊ देऊ नका.

हे पाणी का तापतं यावर आमच्या स्टँडवर पुष्कळ वाद व्हायचे. कुणी ज्वालामुखी म्हणायचा, कुणी गंधकाची खाण. भूगर्भवाले सांगतात ते सरळ आहे. पावसाचं पाणी भेगांमधून खूप खोल मुरतं. जमिनीत दर किलोमीटरला पंचवीस-तीस अंशांनी तापमान वाढत जातं, तिथे ते तापतं आणि दुसऱ्या भेगेने दाबाखाली वर येतं. कोकणात अशा खोल भेगा सह्याद्रीला समांतर पडलेल्या आहेत. म्हणूनच वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून राजापूरपर्यंत ही कुंडं साधारण एका पट्ट्यात येतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९९१ साली देशभरच्या अशा झऱ्यांचा नकाशासंग्रहच काढला आहे. ज्वालामुखीचा इथे आज काही संबंध नाही, तेव्हा 'स्फोट होईल का हो?' असं विचारू नका. मला विचारलेलं आहे.

ज्यांना एवढी यातायात नको त्यांनी वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी करावं. तानसा नदीच्या काठी आहे, आणि सकाळी जाऊन संध्याकाळी घरी परतता येतं. चिमाजी अप्पांनी वसईच्या मोहिमेत नवस बोलून १७३९ च्या विजयानंतर बांधलेलं देवीचं देऊळही पाहून होतं. तिथे गर्दी असते हे खरं, पण गाड्याही असतात.

आणि आडवाटेच्या कुंडांबद्दल 'अजून कुणाला न सापडलेलं' असं छापू नका हो. गावाला ते केव्हाचं सापडलेलं आहे. बाळंतिणी, गुडघेदुखीची म्हातारी माणसं, शेतातून आलेले गडी तिथे रोज अंघोळ करतात. बहुतेक कुंडांजवळ देऊळ असतं. राजवाडीला सोमेश्वराचं आहे, लाकडावरचं कोरीव काम बघण्यासारखं. चपला बाहेर ठेवा, साबण-शाम्पू झऱ्यापाशी नेऊ नका, पाणी पुढे शेतात जातं. बाटल्यांचं तर बोलायलाच नको, काच पायात शिरते ती अनवाणी चालणाऱ्या गावकऱ्याच्या.

माझी विनंती साधी आहे. पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा एक फोटो कमी करा आणि त्या जागेत चौकट द्या. तालुका, जवळचं स्टेशन, जवळचा स्टँड, आतल्या गाडीच्या जायच्या-यायच्या वेळा, रविवारी ती असते की नसते, पाणी किती गरम, मुक्कामाची सोय गावात की तालुक्याला. हे सगळं स्टँडवर फोन केला तर कळतं. लागल्यास मी विचारून देईन, आता वेळच वेळ आहे. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, ६५ च्या वर अर्धं आणि ७५ च्या वर सगळंच माफ आहे, हेही त्या चौकटीत घाला. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनाच त्या पाण्याची गरज, आणि त्यांच्यापाशी स्वतःची गाडी असतेच असं नाही.

आपला,
एक निवृत्त वाहतूक नियंत्रक, डोंबिवली (मूळ गाव देवरुखजवळ)

ता. क. : हे पत्र सौ.ला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "महत्त्वाचं तर राहिलंच. त्या फोटोत पाण्यात सगळे मुलगेच आहेत. बायकांची बंदिस्त न्हाणी आहे का, आतून कडी लागते का, ओलं बदलायला आडोसा आहे का, ते छापायला सांगा." उन्हवऱ्याला बायकांची वेगळी सोय आहे, सगळीकडे ती नाही. तिने आणखी एक लिहायला लावलं आहे. ज्या कुंडाला गंधकाचा वास येतो तिथे चांदी काळी पडते, तेव्हा पैंजण घरीच ठेवावेत. जोडवी ती स्वतः काढत नाही, म्हणून परत आल्यावर चिंच लावून घासत बसते.